आसारी धरणारी

पहाटे साडेचारला मैदानावर हजर व्हायचं म्हणून कपडे आदल्या रात्रीच काढून ठेवते. सुती पँट, सुती सदरा, वर जुना लोकरी स्वेटर. नायलॉनचं काही अंगावर नको; झळ लागली तर वितळून कातडीला चिकटतं. चामड्याचे हातमोजे, घोटा झाकणारे बूट आणि टोपी. नवख्या माणसाला वाटतं टोपी थंडीसाठी. अमेरिकेतल्या अल्बकर्कीला ऑक्टोबरच्या पहाटे चांगलाच गारठा असतो हे खरं, पण टोपी आहे ती डोक्यावरच्या जाळासाठी. बलूनच्या टोपलीत उभं राहिलं की बर्नर टाळूपासून हात-दीड हातावर असतो.

इथले एकोणीस बलून उत्सव झाले, मी हे कपडे असेच काढून ठेवते आहे. (मधलं २०२० सोडून; त्या वर्षी करोनामुळे उत्सव झालाच नाही.) आणि एवढ्या वर्षांत टोपलीत एकदाही चढले नव्हते. बलूनमागे राबणाऱ्यांना इथं पैसे मिळत नाहीत, त्याबदली अधूनमधून एखादी फेरी मिळते, असा अलिखित व्यवहार आहे. माझी पाळी आली की घरी नेमकं कुणीतरी आलेलं असायचं. एकदा सासूबाई, एकदा भाचा, मग मुलीची मैत्रीण. त्यांना जाऊ दे, मी काय इथंच आहे, असं म्हणून मी दोर हातात घ्यायची. गेल्या ऑक्टोबरात आमच्या पायलटबाईंनी दम भरला, की उद्या पाहुणा आणलास तर त्याला पार्किंगमध्ये उभा करीन.

खरं सांगायचं तर मला वर जायची घाई कधी नव्हतीच. मी येवल्याची. भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आमचं अख्खं गाव गच्चीवर असतं. हलकडी वाजत असते, पतंग काटला की ‘वकाट’ म्हणून आरोळी उठते. आमच्या घरी पतंग दादा उडवायचा आणि आसारी माझ्याकडे. आसारी म्हणजे दोन्ही हातांनी फिरवायची मांजाची लाकडी फिरकी. ढील म्हटलं की सोडायचं, लपेट म्हटलं की गुंडाळायचं, तोंडातून शब्द काढायचा नाही. पतंग काटला तर शाबासकी दादाला, कटला तर बोलणी मला. त्यामुळे बलूनचा इतिहास वाचायला घेतला की माझी नजर वर जातच नाही, दोराच्या खालच्या टोकाला कोण आहे तिकडं जाते.

तो इतिहास सुरू होतो फ्रान्समधल्या आनोने या गावी. जोझेफ आणि एतियेन माँगोल्फिए हे भाऊ कागद कारखानदाराच्या घरातले. ४ जून १७८३ला त्यांनी भर चौकात कापडाला आतून कागद लावून केलेला एक प्रचंड फुगा सोडला. त्याचे तुकडे एकमेकांना जोडायला सुमारे १,८०० गुंड्या लावल्या होत्या. त्या लावत बसलेले हात कुणाचे, ते कुठं वाचायला मिळत नाही. खाली गवत आणि लोकर जाळली. धूरच वर उचलतो अशी या भावांची समजूत होती, म्हणून जाळ असा निवडायचा की धूर दाट व्हावा. समजूत चुकीची, पण काम झालं. फुगा वर गेला आणि दहाएक मिनिटांत दोन किलोमीटरवर उतरला. सप्टेंबरात व्हर्सायला राजासमोर मेंढी, बदक आणि कोंबडा असे तीन प्रवासी पाठवले. मग माणसाची पाळी.

पुस्तकं २१ नोव्हेंबर १७८३ ही तारीख मोठ्या अक्षरात छापतात. त्या दिवशी पिलात्र द रोझिए आणि मार्की दार्लांद हे दोघं मोकळ्या बलूनमधून पॅरिसवरून पंचवीस मिनिटं उडाले. माझ्या लेखी १५ ऑक्टोबर जास्त महत्त्वाचा. त्या दिवशी रोझिए एकटा वर गेला, जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी फूट, आणि बलूनला दोर बांधलेला होता. माणसाचं पहिलं वर जाणं खालच्यांच्या हातात दोर असतानाच झालं. नोव्हेंबरातल्या त्या दोघांना तरी पॅरिस पाहायला फुरसत कुठं होती? एकीकडे शेगडीत गवत सारायचं आणि दुसरीकडे ठिणग्यांनी कापडाला पडणारी भोकं ओल्या स्पंजने विझवायची. लग्नघरातल्या आचाऱ्याला विचारा, हॉलमध्ये सजावट कशी होती म्हणून!

अल्बकर्कीचं पहिलं उड्डाण ४ जुलै १८८२चं. दोनच वर्षांपूर्वी रेल्वे आली होती आणि जुन्या गावापासून थोड्या अंतरावर रुळांलगत नवी पेठ उभी राहत होती. स्वातंत्र्यदिनाच्या जत्रेला काहीतरी अचाट हवं, म्हणून तिथल्या पार्क व्हॅन टॅसल नावाच्या सलूनवाल्यानं, म्हणजे दारूच्या गुत्त्याच्या मालकानं, बलून आणलं. नाव ठेवलं ‘सिटी ऑफ अल्बकर्की’. हे बलून गरम हवेचं नव्हतं. त्यात दगडी कोळशापासून केलेला, दिवाबत्तीचा गॅस भरायचा होता. गावचा गॅस कारखाना लहान. आदल्या दिवशी नळी जोडली, ४ तारखेची दुपार उलटली तरी पोट भरेना. लोक कंटाळून बाकीचे खेळ बघायला गेले आणि परत आले. संध्याकाळी सहा वाजून गेल्यावर एकदाचं ते निघालं. बरोबर एक सोबती जायचा होता, पण बलून दोघांना उचलेना, म्हणून त्याला खाली उतरवलं. आदल्या दिवसापासून चाललेल्या तयारीच्या शेवटच्या क्षणी उतरलेला तो माणूस माझ्या डोक्यातून जात नाही. घरी जाऊन बायकोला त्यानं काय सांगितलं असेल?

व्हॅन टॅसल पुढे तोच धंदा करत जगभर फिरला. गॅस महाग आणि सगळीकडे मिळायचा नाही, म्हणून या फिरत्या मंडळींनी धुराचं बलून धरलं. जमिनीत चर खणून त्यात जाळ करायचा, कापडाचं तोंड वर धरायचं, गावातली पंचवीस-तीस धट्टीकट्टी माणसं कडेनं धरून ठेवायची. बलूनमध्ये आग न्यायची नाही. वर गेलं की हवा थंडावायच्या आत खेळ करणाऱ्यानं पॅराशूट घेऊन उडी टाकायची. १८९२च्या मार्चमध्ये ही मंडळी ढाक्याला नवाब अहसानुल्लांच्या निमंत्रणावरून गेली. उडी टाकणारी होती जेनेट व्हॅन टॅसल. कुणी तिला पार्क व्हॅन टॅसलची बायको म्हणतं, कुणी मुलगी. बुडीगंगेच्या काठाशी असलेल्या नवाबाच्या अहसान मंझिल वाड्याजवळ उतरायचं ठरलं होतं. वाऱ्यानं तिला शाहबागच्या बागेकडे नेलं आणि ती उंच झाडात अडकली. खालच्यांनी बांबूला बांबू बांधून तिला उतरवायचा प्रयत्न केला. बांबू निसटले, ती पडली आणि त्यातच गेली. तिची कबर ढाक्याच्या नारिंदा दफनभूमीत आहे.

इथल्या कुणाला मी ही गोष्ट सांगितली तर ते वाऱ्याविषयी बोलतात. मी त्या बांबूंचा विचार करते. गाठ कुणी मारली असेल, काथ्याची की सुतळीची? ताण देऊन बघायला वेळ तरी मिळाला असेल का?

त्यानंतर गरम हवेची बलूनं जवळजवळ विसरलीच गेली होती. गवताचा नाहीतर लाकडाचा जाळ हाताशी धरून किती वेळ उडणार? पुन्हा जीव आणला एड योस्टनं. २२ ऑक्टोबर १९६० रोजी नेब्रास्कातल्या ब्रूनिंगहून तो नायलॉनच्या बलूनखाली बसून उडाला आणि दीड तासाहून जास्त वेळ हवेत राहिला. त्यानं आग सोबत नेली होती, पण ती प्रोपेनची, झडप फिरवली की भडकणारी आणि सोडली की थांबणारी. आपल्याकडे गॅसच्या शेगडीनं चुलीचं जे केलं, तेच यानं गवताच्या जाळाचं केलं. आमच्या टोपलीतल्या एका टाकीत एकोणीस-वीस किलो प्रोपेन मावतो. घरच्या १४.२ किलोच्या सिलिंडरशी हिशेब लावला की मला अजून धडकी भरते; एका सकाळी आम्ही तसे दोन-तीन संपवतो.

अल्बकर्कीत हा नाद रुजवला सिड कटरनं. १९७१मध्ये आईच्या वाढदिवसाला त्यानं बलून आणलं, तिथून सुरुवात. पुढच्या वर्षी इथल्या केओबी रेडिओ केंद्राला पन्नास वर्षं होणार होती. त्यानिमित्त ८ एप्रिल १९७२ला कोरोनाडो सेंटर या बाजारसंकुलाच्या पार्किंगमध्ये बलूनचा मेळा भरवला. एकवीस बलूनं यायची होती, हवामानानं घोळ घातला आणि तेराच उडाली. एक बलून रोडरनर पक्ष्याचं आणि बाकीचे त्याच्यामागे लागलेले कोयोटी, असा पाठलागाचा खेळ होता. बघायला वीस हजारांच्या घरात लोक. पुढच्याच वर्षी इथं गरम हवेच्या बलूनची पहिली जागतिक स्पर्धा झाली. २०००मध्ये नोंदलेली बलूनं हजाराच्या पुढे गेली, तेव्हा आवरतं घ्यावं लागलं. आता पाच-सहाशेच्या आसपास असतात, आणि १९९६पासून स्वतःचं मैदान आहे. पार्किंगमधला तो पहिला मेळा मी पाहिलेला नाही, पण मला तो गावच्या जत्रेसारखा वाटतो; मानकरी कमी आणि हौशी जास्त.

आता आमच्या सकाळीकडे येते. काळोखातच एक छोटा हेलियमचा फुगा सोडतात आणि मान वर करून तो कुठं वळतो ते बघतात. त्याला पायबल म्हणतात. येवल्यात आम्ही चिमूटभर माती सोडून वारा बघायचो, तोच प्रकार. अल्बकर्कीचं सगळं भाग्य या वाऱ्यात आहे. पूर्वेला सँडियाचे डोंगर, मधून रिओ ग्रँड नदी. रात्री गार झालेली जड हवा नदीच्या खोऱ्यानं उतारावर, म्हणजे उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहते. त्याच्या वर काही शे फुटांवर वारा पुष्कळदा उलटा, दक्षिणेकडून उत्तरेकडे. मग पायलट खालच्या वाऱ्यानं दक्षिणेला जातो, वर चढतो, उत्तरेला परत येतो आणि नशीब असेल तर निघाल्या जागेच्या आसपास उतरतो. याला इथं ‘बॉक्स’ म्हणतात. सुकाणू नसलेल्या गोष्टीला वळवायचं एवढंच साधन, वर आणि खाली. सूर्य चढला, जमीन तापली की हा खेळ मोडतो. पहाटे उठायचं ते यासाठी.

हिरवा झेंडा लागला की पिकअपमागची ट्रेलर उघडायची. टोपली उतरवून आडवी करायची. टोपली आजही वेताचीच. लवते, आदळली तर दणका खाते, मोडत नाही. बर्नर बसवला की पायलटबाई एकदा तो पेटवून बघतात. त्या आवाजानं कुत्री केकाटतात. मग पिशवीतून बलूनचं कापड ओढत न्यायचं, सत्तर-पंच्याहत्तर फूट. टोपलीच्या तोंडाशी दोघं कापड कमानीसारखं उचलून धरतात आणि पंखा गार हवा आत ढकलतो. कापड जमिनीवर हळूहळू फुगत जातं, आजारी माणसानं कूस बदलावी तसं. माझी जागा दुसऱ्या टोकाला. बलूनच्या शेंड्याला बांधलेला लांब दोर, त्याला क्राउन लाइन म्हणतात, तो माझ्याकडे. पायलटबाई आत जाळ सोडतात, शेंडा उठू लागतो आणि मी मागं रेलून अंगाचं सगळं वजन त्या दोरावर टाकते, कारण बलून एकदम उसळून उभं राहिलं तर टोपलीही झोकून देईल. जेजुरीला शिखराला भेटायला निघालेली काठी पाहिली असेल तर चारी बाजूंनी दोर ताणून धरणारी माणसं आठवा. काठी ज्याच्या पोटावर असते तो सगळ्यांना दिसतो.

आमचं बलून ७७,००० घनफुटांचं, इथल्या मानानं मध्यम. त्यात मावणारी गार हवा दोन टनांहून जास्त भरते. तापवली की तीच पावणेदोन टनांवर येते आणि मधला फरक तेवढी उचल. अल्बकर्की पाच हजार फुटांवर, हवा मुळातच विरळ. त्यामुळे उचल कमी पडते आणि गार पहाट ती थोडी भरून काढते. या हिशेबात माझ्या वजनाचाही आकडा असतो, आणि तो पायलटला खरा सांगावा लागतो. लग्नानंतर एवढं प्रामाणिक वजन मी कुणालाच सांगितलं नव्हतं.

त्या सकाळी क्राउन लाइन एका नव्या पोराच्या हातात दिली. कॉलेजातला, दमदार, पण दोर मनगटाला गुंडाळू लागला. मी ओरडले, गुंडाळू नकोस, बलून उठलं तर हातासकट जाशील. तो हसला. मी हातमोजे काढून त्याला दिले आणि टोपलीत चढले. हातमोजे दिल्याचं पायलटबाईंनी पाहिलं, काही बोलल्या नाहीत.

पट्ट्यापट्ट्यांचे काळे-पांढरे कपडे घातलेले झेब्रा, म्हणजे मैदानावरचे सुटकेचे मुकादम, शिटी वाजवून अंगठा दाखवतात तेव्हा निघायचं. निघालो कधी ते मला कळलंच नाही. पायाखालची जमीन आपोआप मागे सरते. वाऱ्याबरोबरच जात असल्यामुळे वारा लागत नाही, केससुद्धा हलत नाहीत. बर्नर थांबला की इतकी शांतता, की कुठल्याशा परसातल्या बाईनं आपल्या कुत्र्याला मारलेली हाक ऐकू आली. सभोवती शंभर-दोनशे बलूनं. सँडियाच्या मागून ऊन आलं. सुंदर होतंच, ते लिहिणारे पुष्कळ आहेत. मी खाली आमचा पिकअप शोधत होते. तो चुकीच्या रस्त्याला लागला होता. तिसऱ्या वळणाला उजवीकडे घ्यायचं सोडून सरळ. मी रेडिओवर ओरडायला हात पुढे केला तर पायलटबाई म्हणाल्या, त्यांना दिसतंय, तू डोंगर बघ.

उतरताना तोंड वाऱ्याच्या दिशेनं, गुडघे वाकलेले, हात दोराच्या कड्यात. नव्या वसाहतीतल्या एका मोकळ्या प्लॉटवर टोपली दोनदा आपटून थांबली. थांबली की सवयीनं मी एक पाय बाहेर टाकला, दोर पकडायला. बाई किंचाळल्या. एकाचं वजन कमी झालं की बलून पुन्हा उठतं, हे मी स्वतः नव्या मुलांना दर वर्षी बजावते. पाय आत घेतला. तोवर पिकअपमधली पोरं पोचली, धापा टाकत टोपलीवर लटकली आणि मग मला उतरायची परवानगी मिळाली.

प्लॉटच्या मालकीण समोरच्या घरातून झग्यात बाहेर आल्या. त्यांच्याकडे आधी जायचं, माफी मागायची, मग गाडी आत आणायची, हा नेम कधी मोडत नाही. १७८३च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स नावाच्या शास्त्रज्ञानं पॅरिसहून सोडलेला हायड्रोजनचा रिकामा फुगा गोनेस गावी पडला, तेव्हा शेतकऱ्यांनी राक्षस समजून तो सुऱ्या-कुऱ्हाडींनी फाडला. तेव्हापासून बलूनवाले शेतकऱ्याला खूश करायला शॅम्पेन बाळगतात असं सांगतात. मला ही गोष्ट फार चपखल वाटते, म्हणून मी तिच्यावर पुरता विश्वास ठेवत नाही. आमच्या ट्रेलरमध्ये शॅम्पेनही असते आणि माझ्या हातचा भडंगही. त्या बाईंनी भडंग घेतला.

संध्याकाळी येवल्याला फोन लावला. तिथं दुसरी सकाळ. मी या नादाला लागले ती दादामुळेच. २६ नोव्हेंबर २००५ला उद्योगपती विजयपत सिंघानिया महालक्ष्मीच्या रेसकोर्सवरून गरम हवेच्या बलूनमधून ६८,९८६ फुटांवर गेले, जागतिक विक्रम केला आणि उतरले आमच्याच जिल्ह्यात, सिन्नरजवळ पांचाळ्याला. दादाचा फोन आला होता, “तुझ्याकडचा फुगा आमच्याकडं उतरलाय बघ.” तोवर मी इथं राहूनही बलूनं फक्त खिडकीतून पाहिलेली. पुढच्या ऑक्टोबरात दोर हातात घेतला.

आता मी वर जाऊन आल्याचं सांगितलं तर दादा आधी गप्प. मग म्हणाला, “आसारी कुणाकडं होती?”

“आसारी नसते रे. मांजाच नसतो. सुटलेलं असतं.”

“म्हंजे कटलेला पतंगच की.”

“हो.”

“मग मागं कोण पळत होतं?”

मी त्याला चौघांची नावं सांगितली आणि तिसऱ्या वळणाचंही सांगितलं. दादानं नावं पुन्हा एकदा विचारून घेतली.